चुका काढणारे हवालदार

आमच्या सभागृहाच्या सभासदांची यादी मी दर एप्रिलमध्ये नव्याने लिहिते. गेलेल्यांची नावं गाळायची, पत्ते बदलायचे, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या नावापुढे 'पुढची रांग' असं लिहायचं. दीड तासाचं काम. या वर्षी एका नावापाशीच अर्धा तास गेला. हवालदार सोपान गर्जे, निवृत्त, टँक ड्रायव्हर, तालुका पाथर्डी. त्यांच्या सुनेचा फोन येऊन महिना झाला होता. नाव गाळायला काहीच हरकत नव्हती.

मी फौजी घरातली नाही. वडील पोस्टात, नवरा बँकेत. लष्कराशी संबंध एवढाच, की नगरमध्ये राहिलं की कधीतरी स्कूटर थांबवून रस्ता ओलांडणारा टँक बघावा लागतो. भिंगारजवळच्या या माजी सैनिकांच्या सभागृहाची व्यवस्था मी बघते. खुर्च्या, चहा, वीज, आणि महिन्यातून दोन रविवारी दुपारी तीन वाजता एक युद्धपट.

बघायला पंचवीस-तीस म्हातारे जमतात. त्यांना युद्धपट आवडतात असं मी म्हणणार नाही. त्यांना त्यांतल्या चुका आवडतात. सिनेमा संपला, दिवे लागले, की मी फळा पुढे ओढते आणि खडू घेते. मग एकेक जण हात वर करतो. पदक चुकीच्या खिशावर आहे. एका बंदुकीतून मोजून साठ गोळ्या सुटल्या, मध्ये भरली एकदाही नाही. चार दिवस खंदकात आणि गाल गुळगुळीत. फळा भरला की चहा. याला आमच्याकडे पंचनामा म्हणतात. पंचनाम्यात वाद झाला तर निकाल कर्नलसाहेब देतात. ते पायदळातले, आमचे अध्यक्ष, आवाज खणखणीत आणि मन मऊ.

गर्जे पहिल्यांदा आले त्या दिवशी पडद्यावर एक टँक वाळवंटातून धावत होता आणि आतला नट गाडीचं चाक फिरवावं तसं चाक फिरवत होता. पंचनाम्यात दाराजवळून एक हात वर झाला.

"टँकला चाक नसतंय," गर्जे म्हणाले. "म्हंजी धरायचं चाक. दोन दांडे असत्यात. ह्यो गडी पाथर्डीची यष्टी चालवतोय."

सभागृह हसून हसून थकलं. पुढचे दोन महिने गर्जे दिसले की कोणीतरी विचारायचं, "काय हवालदार, सीट मिळाली का?" ते हसत नसत. हसवून झाल्यावर आपण कुठेतरी दुसरीकडे असल्यासारखे बसत.

उंचीने कमी, मानेने आखूड, हात मात्र मोठ्या माणसाचे. टँक चालवायला बुटकाच माणूस बरा, असं ते सांगत. पांढरा सदरा, इस्त्री नसलेला पण स्वच्छ. टोपी घडी करून खिशात. बसायची जागा ठरलेली, दाराजवळची शेवटची खुर्ची. दोन माणसांच्या मधे ते कधी बसले नाहीत. एकदा गर्दी होती म्हणून मी त्यांना रांगेत आत सरकायला सांगितलं, तर ते सबंध सिनेमाभर उभे राहिले. व्हरांड्यातल्या चपला ते आल्या आल्या जोड्याने लावत, सगळ्या बोटं रस्त्याकडे करून. मला ही शिस्त आवडली, तसं मी म्हणाले. ते म्हणाले, "शिस्त न्हाई, ताई. निघायची येळ आली तर वळण्यात येळ जाऊ नये."

त्यांची आणखी एक सवय सगळ्यांना पाठ झाली होती. पडद्यावर हिरोला गोळी लागली, मित्राने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मागे बासरी सुरू झाली, की गर्जे उठून बाहेर जात. व्हरांड्यात चपला पुन्हा लावत. बासरी थांबली की दारातून डोकं आत घालून शेजारच्याला विचारत, "मेला का?"

कर्नलसाहेबांनी एकदा त्यांना छेडलं. "गर्जे, तोफखान्यासमोर उभा राहिलेला माणूस तुम्ही. सिनेमातलं मरण बघवत नाही?"

"मरन बघवतंय, साहेब. मेल्यावर मी येतोच की आत. पन ह्यो मरतच न्हाई. बोलतच बसतोय."

पंचनाम्यात त्यांनी काढलेली चूकही दर वेळी तीच. 'मरताना लई बोलतो.' शेवटी मी फळ्याच्या कोपऱ्यात ती रंगाने कायमची लिहून टाकली. दर वेळी खडू कशाला झिजवायचा.

सिंधूबाईंना आमच्याकडे आणलं गर्जेंनीच. त्यांचे पती एकनाथ हे गर्जेंच्याच टँकमध्ये लोडर होते, म्हणजे तोफेत गोळा भरणारे. एकाहत्तरच्या लढाईत टँक जळला. चौघांपैकी गर्जे एकटे वाचले. सिंधूबाई तेव्हा अठरा वर्षांच्या, जामखेड तालुक्यातल्या एका वाडीवर, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. आता ती मुलगी भिंगारला शाळेत शिकवते आणि आई तिच्याजवळ असते. गर्जे रविवारी नगरला उतरले की आधी भिंगारला जात, रिक्षाने वहिनींना घेऊन येत, पहिल्या रांगेत बसवत आणि स्वतः दाराशी जाऊन बसत.

सिंधूबाईंना गोष्टी सांगायला आवडे. पडद्यावर काय चाललं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. फौजी माणसांत बसायचं, एवढ्यासाठी त्या येत. पहिल्याच दिवशी चहा पिताना त्यांनी मला ती हकीकत सांगितली. नंतर ती मी निदान दहा वेळा ऐकली. प्रत्येक वेळी शब्द तेच.

"आमचे ह्ये भावजींच्या मांडीवर गेले. जाताना म्हनले, सिंधूला सांग, उंबऱ्यावर दिवा लावू नको. मी उजेडातच चाललोय." मग त्या थोडं थांबत. "सासूबाई म्हनल्या, न्हाई लावायचा तर न्हाई. तवापासून आमच्या उंबऱ्यावर दिवा न्हाई. दिवाळीलाबी न्हाई. लेकीला सांगून ठिवलंय, मी आसूस्तवर लावू नको. गावात बाया नावं ठिवायच्या. मी म्हनायची, मला निरोप हाय."

'मला निरोप हाय' हे त्या अशा म्हणत की समोरच्याला आपल्याला कोणाचाच निरोप नाही असं वाटावं. त्या सांगत तेव्हा गर्जे बशीतला चहा फुंकत बसत. चहा गार झालेला असे, तरी फुंकत.

गेल्या पावसाळ्यानंतर मी सहा महिन्यांच्या सिनेमांची यादी करायला घेतली. सभासदांनी नावं सुचवायची, मी प्रत मिळते का बघायची, मग यादी फळ्याशेजारी चिकटवायची. एकदा चिकटवलेली यादी बदलत नाही. नाहीतर तीस जणांचे तीस बदल येतात. कर्नलसाहेबांनी एक जुना काळा-पांढरा हिंदी सिनेमा सुचवला. तरुणपणी, कमिशन मिळण्याआधी त्यांनी तो पाहिला होता, आणि पुन्हा बघायला मिळावा म्हणून ते कित्येक वर्षं शोधत होते. पुण्यातल्या एका संग्राहकाकडे प्रत मिळाली. साहेबांनी मला त्याबद्दल पेढे दिले.

यादी लागल्यानंतरच्या बुधवारी गर्जे आले. ते कधी बुधवारी येत नसत. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, त्यो साहेबांचा सिनेमा काढा यादीतनं."

"का?"

"प्रत खराब हाय."

"मी काल बघितली. चांगली आहे."

"मंग लई लांबडा हाय."

"मागचा याहून लांब होता, हवालदार. खरं कारण सांगा."

त्यांनी खिशातली टोपी काढली, घडी उलगडली, पुन्हा घातली. "त्यात वहिनीचं वाक्य हाय," ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. मग ते बसले.

"लढाईच्या महिनाभर आधी युनिटात पडदा बांधून त्यो सिनेमा दावला हुता. एकनाथ आन् मी शेजारीशेजारी बसून बघितला. मंग लढाई झाली. मला रजा भेटली तवा त्याची ट्रंक घिऊन वाडीवर गेलो. समदी वाडी गोळा झाल्याली. म्हातारीनं माजा हात धरला. म्हनली, काय म्हनला रं माजा एकनाथ? वहिनी भिताडाला टेकून बघत हुत्या. मी काय सांगनार? तोंडात त्या सिनेमाचं वाक्य आलं. हिंदीचं मराठी केलं, नाव घातलं. तेवढंच."

"आणि ते खरं काय म्हणाले होते?"

"त्यो आत हुता. मी भाईर."

मी वाट बघितली. नंतर टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "पन्नास वर्सं बाई त्या वाक्यावर जगली, ताई. तिच्याजवळ त्याचा धड फोटोबी न्हाई. त्येवढं वाक्य हाय."

अशा वेळी हळहळत बसणं मला जमत नाही. मी कागद घेतला. सिनेमा रद्द करायचा तर कर्नलसाहेबांना कारण सांगावं लागणार, आणि साहेबांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या भिंगारला कळते. तेवढा प्रसंग कापायचा तर साहेब त्याच प्रसंगाची वाट बघत होते. तिसरा मार्ग सोपा. त्या रविवारी सिंधूबाईंना आणायचंच नाही. गर्जेंनी त्यांना आदल्या रविवारी सांगायचं की मला डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं आहे, या खेपेला येणं नाही.

"आनि येक खोटं," गर्जे म्हणाले.

"एकच. त्याने काम होतंय."

"तुमी हुशार हाय, ताई," ते म्हणाले. मला ते खरं वाटलं.

यात माझी चूक झाली. तीही आमच्या पंचनाम्यातल्यासारखीच, बारीक आणि अक्षम्य. आमच्याकडे शहिदांच्या पत्नींना आणायला एक जीप जाते. तिची यादी मी जीपवाल्या बबनला तीन महिन्यांची एकदम देते. सिंधूबाईंचं नाव त्यात पूर्वी नव्हतं, कारण त्यांना गर्जे आणत; परतताना मात्र दोघं जीपनेच जात. पण दसऱ्याच्या सुमारास गर्जेंचा गुडघा सुजला होता. रिक्षातून चढउतार करताना त्यांचे हाल होतात हे मी पाहिलं आणि त्यांना न विचारता, सोय म्हणून, पुढच्या महिन्यापासूनच्या जीपच्या यादीत सिंधूबाईंचं नाव घालून टाकलं. आणि विसरले. मी विसरत नाही, म्हणूनच त्यावर पुन्हा नजर टाकायची मला गरज वाटली नाही.

त्या रविवारी तीनला पाच कमी असताना बबनची जीप फाटकात आली आणि मागच्या दारातून सिंधूबाई उतरल्या. फिकट निळं नऊवारी, डोक्यावर पदर. गर्जे व्हरांड्यात चपला लावत होते. ते तसेच वाकलेले राहिले.

"भावजी! काय म्हनला डाक्टर डोळ्याचं?"

"बंद हुता दवाखाना."

"रईवारी बंदच असतोय! मला वाटलंच, म्हातारा कायतरी लपवतोय. बिडी फुकाया जानार आसंल कुठंतरी. बरं झालं, ताईंनी जीप धाडली."

गर्जेंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यांना बाजूला घेतलं. "वीज गेली म्हणून सांगते. मेन स्विच माझ्या खोलीत आहे. अर्ध्या तासात सगळे घरी जातील."

ते सरळ उभे राहिले. गुडघा धरला. "आन् पुन्यांदा कवा लावला तर? किती डाव बंद करनार, ताई?" मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." आणि आत जाऊन पहिल्या रांगेत, सिंधूबाई आणि एका निवृत्त सुभेदारांच्या मधल्या खुर्चीत बसले.

सिनेमा जुना, संथ, कोणी फारसं हसलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि पडद्याकडे बघत नव्हते. शेवटाकडे नट जखमी झाला. मित्राने डोकं मांडीवर घेतलं. बासरी सुरू झाली. गर्जे उठले नाहीत. नट म्हणाला, "उससे कहना, देहरी पर दीया न जलाए..."

सिंधूबाईंचे ओठ हलायला लागले. पडद्यावरच्या हिंदीबरोबर त्या मराठीत म्हणत होत्या, देवळात आरती म्हणावी तशा, सवयीने. नट 'उजाले' पर्यंत आला आणि त्यांचे ओठ थांबले. वाक्य त्याने एकट्याने पुरं केलं.

दिवे लागले. कर्नलसाहेब रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "आज चुका नकोत. आज सरळ चहा." सगळे व्हरांड्यात गेले. ते दोघं बसूनच राहिले. मी शेजारच्या सामानाच्या खोलीत खुर्च्यांचा हिशेब घेत असल्यासारखी उभी होते. दार उघडं होतं. मी तिथून निघून जायला हवं होतं.

"भावजी," सिंधूबाई म्हणाल्या, "ह्यो सिनेमा आधीचा का नंतरचा?"

त्यांना काय विचारायचं आहे ते मला लगेच कळलं. नंतरचा असेल, तर एकनाथांचे शब्द फौजेतून कोणीतरी ऐकले असतील आणि सिनेमात घातले असतील. तसं होऊ शकतं. गर्जेंनी 'नंतरचा' म्हणायचं होतं, बस. कर्नलसाहेब बाहेर होते. मी काही बोलणार नव्हते. त्या पुन्हा विचारणार नव्हत्या, हे त्यांच्या आवाजातच होतं.

गर्जेंनी पडद्याच्या जागच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"आधीचा," ते म्हणाले.

बाहेर कपबशा वाजत होत्या. कोणीतरी साखर मागत होतं.

"मंग त्यो काय म्हनला?"

"म्हाईत न्हाई, वहिनी. मी पुढं खाली बसायचो. माजं झाकन येगळं, मी भाईर पडलो, गवतात गेलो. वरचं झाकन अडाकलं हुतं. दोघं पयल्या दनक्यातच गेल्याले. एकनाथ जिता हुता."

"तुमाला काय ठाऊक, जिता हुता म्हनून?"

"ठोकत हुता. आतनं."

मग सिंधूबाईंनी जे विचारलं ते मी कोणत्याच यादीत धरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कसं?"

गर्जेंच्या पुढ्यात एक रिकामी लोखंडी खुर्ची होती, पहिल्या रांगेच्याही पुढे ठेवलेली, कर्नलसाहेबांची. त्यांनी मूठ वळली आणि तिच्या पाठीवर मारली. तीनदा. थोडं थांबून पुन्हा तीनदा. पाहुणा दार वाजवतो तसं, घाई नसल्यासारखं. पुन्हा तीनदा. सिंधूबाई त्या मुठीकडे बघत होत्या. त्यांनी थांबा म्हटलं नाही आणि ते थांबले नाहीत. व्हरांड्यातले आवाज हळूहळू कमी झाले. कोणीतरी दारातून डोकावलं आणि मागे झालं. मला वाटलं आता संपेल, आणि तसं मला पुष्कळदा वाटलं. मग ठोके लांब पडायला लागले. तीनाचे दोन झाले. शेवटी मूठ खुर्चीवर टेकली आणि तिथेच राहिली.

"येवढा येळ," सिंधूबाई म्हणाल्या.

"व्हय."

"आन् तुमी?"

"आग हुती, वहिनी." त्यांनी श्वास घेतला. "पयल्यांदा येवढी नव्हती. न्हाई गेलो."

सिंधूबाईंनी पदर सारखा केला, खुर्चीच्या कडेला धरून उठल्या आणि मला हाक मारली. "ताई, जीपवाल्याला सांगा, मला घरी जायचंय." आवाज नेहमीचा होता.

त्यानंतर दोघंही आले नाहीत. मी सिंधूबाईंच्या घरी एकदा गेले. लेकीने दारातच सांगितलं, आई कोणाशी बोलत नाही, माझ्याशीसुद्धा कामापुरतंच. काय झालं ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गर्जेंना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सून म्हणाली, शेतात गेलेत. दुसऱ्या वेळी तिच्या मागे त्यांचा खोकला ऐकू आला. फाल्गुनात ते गेले. झोपेत गेले, असं तिने सांगितलं. कोणाशी काही बोलले का, हे मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच रविवारी, पाचच्या सुमारास. जीप भरेपर्यंत ते चहा न घेताच फाटकातून निघून पाथर्डी रस्त्याला थांब्यावर जाऊन उभे राहिले. मी फाटकाशी होते. जीप माझ्यासमोरून बाहेर पडली आणि थांब्याजवळ बबनने सवयीने वेग कमी केला, कारण गर्जेंना पुढे स्टँडपर्यंत सोडायचं असतं. गर्जे दोन पावलं पुढे आले. मागच्या खिडकीत निळा पदर दिसत होता. त्यांनी हात दाराच्या कडीपर्यंत नेला. आतून काय सांगितलं गेलं ते मला ऐकू आलं नाही. जीप पुन्हा चालू झाली, आणि त्यांचा हात क्षणभर तिथेच, हवेत, कडीच्या उंचीवर राहिला.

मग पाथर्डीची बस आली. अर्धी रिकामी होती. कंडक्टरने दार उघडून त्यांना हाक मारली, दोनदा. ते बसकडे पाठ करून, जीप गेली त्या बाजूला बघत उभे होते. कंडक्टरने दार ओढून घेतलं.